केंद्रीय मंत्रिमंडळाची यादी पाठ करू नका, वाचायला शिका

शपथविधी झाला की दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ग्रुपवर एक पीडीएफ फिरायला लागते, कोणाला कुठलं खातं मिळालं त्याची, आणि माझ्याकडे स्पर्धा परीक्षेसाठी येणारी मुलं पहिलाच प्रश्न विचारतात, सर ही आख्खी पाठ करायची का. मी दरवेळी नाही म्हणतो. पाठ केलेली यादी पहिल्या फेरबदलात शिळी होते आणि मग तीच शिळी नावं पेपरात उतरतात. वाचता आली तर मात्र नावं कितीही बदलू देत, तुम्हाला दोन मिनिटांत कळतं की सत्ता कोणाच्या हातात आहे आणि तुमचा प्रश्न नेमका कोणाच्या टेबलावर जाणार आहे. आणि हे फक्त परीक्षेच्या मुलांसाठी नाहीये, ज्याला कांद्याच्या भावाबद्दल, पीएफबद्दल, गावाबाहेरच्या रस्त्याबद्दल दिल्लीत कोणाला तरी विचारायचंय त्या प्रत्येकाच्या कामाची गोष्ट आहे.

उदाहरण म्हणून नरेंद्र मोदींचं तिसरं मंत्रिमंडळ घेऊ. ९ जून २०२४ ला शपथ झाली, १० जूनला खातेवाटप झालं. खाली जी नावं आणि खाती येतील ती त्या जूनमधल्या यादीतली आहेत, तुम्ही वाचाल तेव्हा काही बदललेली असू शकतात, म्हणून शेजारी ताजी यादी उघडून बसा.

यादी कुठली घ्यायची ते आधी सांगतो, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. फॉरवर्ड झालेली पीडीएफ घेऊ नका. खातेवाटपाचं पत्रक राष्ट्रपती भवनाकडून निघतं आणि पीआयबीवर, म्हणजे सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या साइटवर येतं, आणि मंत्र्यांची चालू यादी मंत्रिमंडळ सचिवालयाच्या साइटवर असते. डाउनलोड केली की वर तारीख लिहा. तारीख नसलेली यादी माझ्या वर्गात कोणी आणली तर मी ती बाजूला ठेवायला लावतो.

आधी तीन ढीग करा

यादी हातात आली की आपली नजर नावांवर आणि खात्यांवर जाते. तसं करू नका. आधी दर्जा बघा. यादीत तीन गट असतात, कॅबिनेट मंत्री, राज्यमंत्री स्वतंत्र प्रभार, आणि नुसते राज्यमंत्री. जून २०२४ मध्ये पंतप्रधान सोडून ३० कॅबिनेट मंत्री होते, ५ स्वतंत्र प्रभारवाले आणि ३६ राज्यमंत्री, म्हणजे पंतप्रधान धरून ७२. पूर्वी याच्याखाली उपमंत्री अशी अजून एक पायरी असायची, ती आता वापरात दिसत नाही.

इथे आपल्या मराठी माणसाचा एक हमखास गोंधळ होतो. राज्यमंत्री म्हटलं की खूप जणांना वाटतं हा महाराष्ट्र राज्याचा मंत्री. नाही. इथे राज्य म्हणजे महाराष्ट्र किंवा बिहार नाही, ते त्या पदाच्या दर्जाचं नाव आहे. केंद्रातही राज्यमंत्री असतो आणि आपल्याकडे मुंबईतही असतो. मुरलीधर मोहोळ केंद्रीय राज्यमंत्री झाले तेव्हा ते पुण्याचे खासदार म्हणून दिल्लीत मंत्री झाले, राज्य सरकारशी त्या पदाचा संबंध नाही. तसंच मंत्रालय म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे मुंबईतली ती एक इमारत येते, पण दिल्लीत मंत्रालय म्हणजे एकेक खातं, गृह मंत्रालय वेगळं, अर्थ मंत्रालय वेगळं.

दुसरा शब्दांचा घोळ मंत्रिपरिषद आणि मंत्रिमंडळ यांचा. बोलताना आपण सगळ्यांनाच मंत्रिमंडळ म्हणून टाकतो, मीसुद्धा वर तेच केलंय, पण परीक्षेत आणि कायद्यात फरक पडतो. सगळे ७२ मिळून मंत्रिपरिषद. घटनेच्या कलम ७४ मध्ये राष्ट्रपतींना सल्ला देणारी म्हणून जी सांगितलीय ती हीच. मंत्रिमंडळ म्हणजे कॅबिनेट, त्यातला वरचा गट, जो बैठकीला बसतो आणि निर्णय घेतो. मुलांना खरं वाटत नाही पण हा कॅबिनेट शब्द मूळ घटनेत नव्हताच, आणीबाणीचा अनुभव घेतल्यावर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो कलम ३५२ मध्ये आला, कशासाठी तर यापुढे आणीबाणी लावायची तर आख्ख्या मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी राष्ट्रपतींना कळवला पाहिजे, एकट्या पंतप्रधानाच्या सांगण्यावर नाही. एवढ्या मोठ्या कारणासाठी आलेला शब्द आहे तो, म्हणून तो नीट वापरावा असं मला मनापासून वाटतं.

तीन ढीग झाले की बेरीज करा आणि १५ टक्क्यांशी ताडून बघा. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनंतर पंतप्रधान धरून मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या एकूण सदस्यांच्या १५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. ५४३ चे १५ टक्के म्हणजे ८१.४५, म्हणजे जास्तीत जास्त ८१. ७२ झाले तेव्हा ९ जागा शिल्लक होत्या, आणि अशा शिल्लक जागांवर पुढचा फेरबदल आणि नाराज मित्रपक्षांची आशा दोन्ही टिकून असतात. तुलनेसाठी सांगतो, १५ ऑगस्ट १९४७ ला नेहरूंसकट फक्त १४ जण होते, त्यात आपले बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री आणि पुण्याचे काकासाहेब गाडगीळ, आणि बाबासाहेब तर काँग्रेसचे नव्हतेच.

दर्जा माणसाला असतो, खात्याला नाही

ही एक ओळ वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा असं मी सांगतो. लोकांना वाटतं अमुक खातं कॅबिनेट दर्जाचं आणि तमुक खातं राज्यमंत्र्याचं. तसं नसतं. कायदा खातं बघा. बाबासाहेब कायदामंत्री होते कॅबिनेट दर्जाने, अगदी अलीकडे किरेन रिजिजूही कॅबिनेट मंत्री म्हणूनच ते खातं बघत होते, मग १८ मे २०२३ ला ते अर्जुन राम मेघवाल यांच्याकडे गेलं आणि मेघवाल राज्यमंत्री स्वतंत्र प्रभार. खातं तेच, फायली त्याच, पण आता त्या खात्याचा मंत्री नेहमीच्या कॅबिनेट बैठकीत बसत नाही, त्याच्या खात्याचा विषय असेल तेव्हा त्याला बोलावतात. २०२४ मध्येही मेघवाल त्याच दर्जाने कायदा खात्यावर राहिले. विमान वाहतुकीचं उलटं उदाहरण घ्या, २००४ मध्ये प्रफुल्ल पटेल ते खातं स्वतंत्र प्रभार म्हणून बघायचे आणि २०२४ मध्ये राममोहन नायडू तेच खातं घेऊन कॅबिनेट मंत्री झाले.

आणि याच प्रफुल्ल पटेलांमुळे जून २०२४ मध्ये दर्जा म्हणजे काय ते सगळ्या महाराष्ट्राला कळलं. अजित पवारांच्या राष्ट्रवादीला राज्यमंत्री स्वतंत्र प्रभार असं एक पद देऊ केलं होतं, पक्षाने ते घेतलं नाही, कारण पटेल मनमोहन सिंगांच्या सरकारात आधीच कॅबिनेट मंत्री होऊन गेले होते, अवजड उद्योग खात्याचे, मग खालच्या पायरीवर परत कसं जायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं एवढं काय, मंत्रिपद ते मंत्रिपद. पण कॅबिनेटच्या खोलीत तुमची खुर्ची कायमची आहे की बोलावल्यावर जायचंय हा फरक लहान नाही, आणि ज्याने तो दोन्हीकडून अनुभवलाय त्याला तो जास्त कळतो.

स्वतंत्र प्रभारचा अर्थ एवढाच की त्याच्या डोक्यावर त्या खात्यात कॅबिनेट मंत्री नाही, तोच प्रमुख. नुसत्या राज्यमंत्र्यावर मात्र कॅबिनेट मंत्री असतो, आणि तो जेवढं काम वाटून देईल तेवढंच याच्याकडे. आता गंमत अशी की एकच माणूस एका खात्यात प्रमुख आणि दुसऱ्या खात्यात हाताखाली असू शकतो. बुलढाण्याचे प्रतापराव जाधव आयुष खात्यात स्वतंत्र प्रभार, आणि आरोग्य खात्यात जे. पी. नड्डांच्या हाताखाली राज्यमंत्री. म्हणून यादीत एका नावापुढे दोन तीन खाती दिसली की प्रत्येक खात्यापुढे वेगळं लिहा, इथे वर कोण आहे. मोहोळांच्या नावापुढे सहकार आणि नागरी हवाई वाहतूक अशी दोन खाती होती, सहकारात वर अमित शहा आणि विमान वाहतुकीत वर राममोहन नायडू. रक्षा खडसे युवक कल्याण आणि क्रीडा, वर मनसुख मांडविया. रामदास आठवले सामाजिक न्याय, वर वीरेंद्र कुमार. नितीन गडकरी आणि पीयूष गोयल यांच्यावर कोणी नाही, ते दोघे कॅबिनेट. महाराष्ट्राची ही सहा नावं अशी वर कोण आणि खाली कोण करून लिहून बघा, आपल्याकडे खरं किती आलंय ते आपोआप दिसतं.

खात्याचं नाव बघून फसू नका, कांदा हातात घ्या

हा भाग मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन शिकवतो. कारण इथे माणसाचं खरं नुकसान होतं. माझे काका कांदा लावतात. मध्यंतरी निर्यातबंदीवर त्यांनी अर्ज लिहिला, दोन पानं, चांगला लिहिला होता, आणि पाठवला भलत्याच खात्याला. कित्येक आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, विषय या खात्याशी संबंधित नाही. तोपर्यंत चाळीतला कांदा सडायला लागला होता. त्यांना वाटलं होतं पीक शेतातलं म्हणजे प्रश्न कृषी खात्याचा. कोणालाही तसंच वाटेल.

आता कांद्याचा प्रवास यादीवर बोट ठेवून करू. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. शुल्क हा कराचा विषय, त्याची अधिसूचना अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाची. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी किमान निर्यात मूल्य ८०० डॉलर टनाला ठरवलं आणि डिसेंबरमध्ये निर्यात बंदच केली, हे दोन्ही विदेश व्यापार महासंचालनालयाचं काम, ज्याला सगळे डीजीएफटी म्हणतात, आणि ते वाणिज्य मंत्रालयाखाली येतं. भाव पाडायला किंवा सावरायला सरकार जो बफरचा, म्हणजे राखीव साठ्याचा कांदा खरेदी करतं, नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत, त्याचा पैसा आणि निर्णय ग्राहक व्यवहार विभागाचा, तो विभाग ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण या मंत्रालयात. आणि बाजार समितीत काय चाललंय, लिलाव का बंद, हमाली किती कापली, हे दिल्लीचं नाहीच, ते आपल्या राज्याचं. मग कृषी मंत्रालयाकडे काय राहिलं तर लागवडीचे आणि उत्पादनाचे अंदाज, पिकाच्या योजना वगैरे. आणि विशेष म्हणजे बंदी आली त्याच आठवड्यात कृषी खातं नरेंद्रसिंह तोमर यांच्याकडून अर्जुन मुंडांकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून गेलं होतं, लोक कृषिमंत्र्याचं नाव शोधत होते आणि निर्णय तिथला नव्हताच.

आता २०२४ च्या यादीचा खरा फरक इथे दिसतो. बंदी आली तेव्हा वाणिज्य आणि ग्राहक व्यवहार ही दोन्ही खाती पीयूष गोयलांकडेच होती, म्हणजे निर्यातदाराच्या आणि गिऱ्हाइकाच्या बाजूचं खातं एकाच माणसाकडे. जून २०२४ मध्ये वाणिज्य गोयलांकडे राहिलं आणि ग्राहक व्यवहार प्रल्हाद जोशींकडे गेलं. अर्थ निर्मला सीतारामन यांच्याकडे, कृषी शिवराजसिंह चौहान यांच्याकडे. म्हणजे त्या जूननंतर एका कांद्यासाठी चार मंत्र्यांची नावं माहीत पाहिजेत. बंदी उठल्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये किमान निर्यात मूल्यही काढलं आणि शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आणलं, तेव्हासुद्धा पहिलं काम वाणिज्यचं आणि दुसरं अर्थचं, बातमीत मात्र केंद्र सरकारने दिलासा दिला एवढंच आलं. ते राहिलेलं २० टक्के १ एप्रिल २०२५ पासून गेलं, तेही अर्थ खात्याच्या अधिसूचनेने.

उसालाही हेच लावून बघा, साखरेचा विषय अन्न व सार्वजनिक वितरण विभागात, कारखाना सहकारी असेल तर सहकार खातं मध्ये येतं जे २०२१ मध्ये नव्याने झालं, आणि इथेनॉल तेल कंपन्या घेतात म्हणून पेट्रोलियम. रस्त्याचंही तसंच, राष्ट्रीय महामार्ग गडकरींच्या खात्याचा, पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला रस्ता ग्रामीण विकासाचा, मेट्रो गृहनिर्माण व शहरी व्यवहार खात्याची, आणि बाकी बहुतेक रस्ते राज्याचे, जिल्हा परिषदेचे नाहीतर नगरपालिकेचे.

मग हे कुठे लिहिलेलं असतं. भारत सरकार कार्यवाटप नियम १९६१ नावाचा दस्तऐवज आहे, कलम ७७ खाली केलेला, मंत्रिमंडळ सचिवालयाच्या साइटवर मिळतो. कुठला विषय कुठल्या मंत्रालयाचा आणि त्यातल्या कुठल्या विभागाचा हे त्यात ओळीओळीने आहे. मंत्रालय आणि विभाग यातला फरकही तिथेच कळतो, एकट्या अर्थ मंत्रालयात सहा विभाग आहेत, आर्थिक व्यवहार, खर्च, महसूल, वित्तीय सेवा, निर्गुंतवणुकीचा दीपम आणि २०२१ पासून सार्वजनिक उपक्रम. वाचायला रुक्ष आहे पण मी सांगतो, तुमच्या विषयाचा एक शब्द घेऊन त्यात सर्च करा, अर्ध्या तासात तुम्हाला जे कळेल ते वर्षभर बातम्या बघून कळणार नाही.

पंतप्रधानांच्या नावापुढची ओळ

यादीत सगळ्यात वर पंतप्रधान आणि त्यांच्यापुढे एक छोटी ओळ, ती लोक वाचतच नाहीत. तिथे लिहिलेलं असतं कार्मिक, लोकतक्रार आणि निवृत्तिवेतन मंत्रालय, अणुऊर्जा विभाग, अंतराळ विभाग, सगळे महत्त्वाचे धोरणात्मक विषय, आणि कोणालाही न दिलेली बाकी सगळी खाती. कार्मिक म्हणजे आयएएस अधिकाऱ्यांचं केडर, केंद्रातल्या नेमणुकांचा मोठा भाग, सीबीआयसुद्धा त्याच्याच प्रशासकीय कक्षेत. इस्रोही इथेच. संसदेत या खात्यांची उत्तरं बहुतेक वेळा जितेंद्र सिंह देतात, जे पंतप्रधान कार्यालयाचे राज्यमंत्री आहेत आणि शिवाय विज्ञान तंत्रज्ञान आणि पृथ्वी विज्ञान ही खाती स्वतंत्रपणे बघतात.

न दिलेली खाती या शब्दांमागेही अर्थ आहे. मंत्री गेला म्हणून खातं बंद पडत नाही, दुसऱ्याला दिलं नसेल तर ते पंतप्रधानांचं. आणि दिलं तर अतिरिक्त कार्यभार म्हणून दिलं जातं. नोव्हेंबर २०१९ मध्ये शिवसेनेचे अरविंद सावंत यांनी अवजड उद्योग खात्याचा राजीनामा दिला तेव्हा ते खातं प्रकाश जावडेकरांकडे तसंच गेलं होतं.

कुठल्या सभागृहाचा आहे ते बघा

यादीत हा रकाना नसतो, तो तुम्ही पेनने काढायचा. लोकसभा का राज्यसभा. २०२४ च्या यादीत सीतारामन, एस. जयशंकर, नड्डा, अश्विनी वैष्णव, हरदीपसिंग पुरी, आठवले हे राज्यसभेचे. याने काय फरक पडतो तर कलम ८८ प्रमाणे मंत्री दोन्ही सभागृहांत बोलू शकतो पण मत फक्त स्वतःच्या सभागृहात देऊ शकतो. म्हणजे सीतारामन लोकसभेत उभ्या राहून अर्थसंकल्प मांडतात, त्यावरच्या चर्चेला उत्तर देतात, पण तिथे मतदान झालं तर त्यांना मत नाही. हे पहिल्यांदा ऐकल्यावर वर्गात हमखास शांतता होते.

कुठल्याच सभागृहाचा नसेल तरी मंत्री होता येतं, पण सहा महिन्यांत निवडून यावं लागतं, नाहीतर पद जातं. जून २०२४ मध्ये जॉर्ज कुरियन आणि रवनीतसिंग बिट्टू असेच आले, दोघे ऑगस्टमध्ये राज्यसभेवर गेले. मनमोहन सिंग २१ जून १९९१ ला अर्थमंत्री झाले तेव्हा खासदार नव्हते, आणि त्यांना घेणारे पंतप्रधान नरसिंह रावसुद्धा त्या दिवशी खासदार नव्हते, ते नंतर नंद्यालच्या पोटनिवडणुकीतून आले.

मित्रपक्षांचा हिशोब

हे पटकन सांगतो. पक्ष, त्यांचे लोकसभेतले खासदार आणि मिळालेला दर्जा असे तीन आकडे शेजारी शेजारी लिहा. भाजप २४०, एनडीए मिळून २९३, म्हणजे बहुमताच्या २७२ साठी मित्रपक्ष लागतातच. तेलुगू देसमचे १६, एक कॅबिनेट आणि एक राज्यमंत्री. जदयूचे १२, तेच. चिराग पासवानांचे ५, एक कॅबिनेट. कुमारस्वामींच्या जेडीएसचे २, एक कॅबिनेट. जीतनराम मांझी त्यांच्या पक्षाचे एकटेच, तेही कॅबिनेट. आणि शिंदेंच्या शिवसेनेचे ७, मिळालं एक स्वतंत्र प्रभार. नाराजी का झाली ते या ओळीत लिहिलेलं आहे, वेगळं विश्लेषण लागत नाही. पण नुसत्या आकड्यांवर जाऊ नका, जात, प्रदेश, पुढच्या निवडणुका, ज्येष्ठता हेही तोललं जातं, मांझी माजी मुख्यमंत्री आहेत आणि बिहारची निवडणूक पुढच्याच वर्षी होती. महिलांचा आकडाही काढा, ७२ मध्ये ७, त्यातल्या कॅबिनेटमध्ये दोनच, सीतारामन आणि अन्नपूर्णा देवी. मुली वर्गात हा आकडा स्वतः मोजतात तेव्हा त्यांचे चेहरे मला दिसतात, आणि मला वाटतं हा आकडा प्रत्येक यादीत मोजला गेलाच पाहिजे.

आता आतली खोली

कॅबिनेटच्या आतही समित्या असतात आणि खरी वजनं तिथे कळतात. सगळ्यात महत्त्वाची सुरक्षाविषयक समिती, पंतप्रधान आणि संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र हे चार मंत्री. २०२४ मध्ये ते चार म्हणजे राजनाथ सिंह, अमित शहा, सीतारामन आणि जयशंकर, म्हणजे मित्रपक्षाचं त्यात कोणी नाही. नेमणुकांची समिती तर फक्त दोघांची, पंतप्रधान आणि गृहमंत्री, सरकारच्या मोठमोठ्या पदांवर कोण बसणार ते तिथे ठरतं. म्हणून तीस कॅबिनेट मंत्र्यांच्या नावांपुढे ते कुठल्या समितीत आहेत ते लिहा, काही नावांपुढे तीन चार खुणा होतील आणि काहींपुढे एकही नाही.

इथे मला यशवंतराव चव्हाणांची आठवण काढावीशी वाटते. सुरक्षा समितीतली जी चार खाती आहेत ती चारही त्यांनी वेगवेगळ्या वेळी सांभाळली, १९६२ मध्ये चीन युद्धानंतर संरक्षण, मग १९६६ पासून गृह, १९७० पासून अर्थ, १९७४ पासून परराष्ट्र. आपण हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला एवढंच म्हणतो आणि थांबतो, पण मंत्रिमंडळ कसं चालतं हे कळल्यावर या चार खात्यांचं वजन वेगळंच जाणवतं.

वाचून झाल्यावर करायचं काय

माहितीच्या अधिकाराचा अर्ज मंत्र्याच्या नावाने करायचा नसतो, तो त्या विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने, १० रुपये फी, उत्तराला ३० दिवस. चुकीच्या विभागाला गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायला पाहिजे, पण आधीच विभाग बरोबर लिहिला तर तो वेळ वाचतो. तक्रार असेल तर सीपीग्राम्स या केंद्राच्या तक्रार पोर्टलवर, तिथेही पहिल्याच पानावर मंत्रालय आणि विभाग निवडावा लागतो.

खासदाराला भेटायला जाल तेव्हा नुसतं आमचा प्रश्न मांडा म्हणू नका, कुठल्या मंत्रालयाला प्रश्न विचारायचा ते लिहून न्या, कारण लोकसभेत मंत्रालयांचे पाच गट केलेले असतात आणि प्रत्येक गटाचा आठवड्यातला एक वार ठरलेला असतो. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो, लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न लागतात. अतारांकितला लेखी उत्तर मिळतं, दिवसाला २३० पर्यंत. ही सगळी उत्तरं संसदेच्या साइटवर पडलेली असतात, मंत्रालयाचं नाव टाकून शोधा, तुमचा प्रश्न कोणीतरी आधीच विचारलेला असण्याची शक्यता खूप आहे. उत्तराखाली बहुतेक वेळा राज्यमंत्र्याचं नाव दिसेल, त्याने गोंधळू नका, त्या खात्याचा अर्ज तुम्हाला त्याच विभागाकडे करायचाय.

काकांचा दुसरा अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहिला, खरं म्हणजे दोन अर्ज. शुल्काबद्दलचा महसूल विभागाला आणि किमान निर्यात मूल्याबद्दलचा डीजीएफटीला. ज्या अधिसूचनेबद्दल विचारायचं होतं तिचा क्रमांक पहिल्याच ओळीत टाकला, आणि मंत्र्याचं नाव कुठेच लिहिलं नाही. ते नाव काकांनी त्यांच्या वहीत मागच्या पानावर लिहिलंय, पेन्सिलने, शेजारी तारीख टाकून, बदललं की खोडून दुसरं लिहितात.